फाळक्यांचा 'कालिया मर्दन' गावात दाखवायचाय, चांगली प्रत कशी मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

2024 च्या नोव्हेंबरात पणजीला इफ्फीला (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) गेले होते, 55वा इफ्फी, माझा मात्र पहिलाच. गेले होते 'आवारा'साठी, राज कपूरची जन्मशताब्दी म्हणून त्याची नवी 4के प्रत दाखवणार होते ना. पण डोक्यात घर करून बसला तो दादासाहेब फाळक्यांचा 1919 चा 'कालिया मर्दन'. सिनेमा मुका, पण सात्यकी बॅनर्जी आणि त्यांचे साथीदार तिथेच बसून लाइव्ह वाजवत गात होते.

सुरुवातीलाच फाळक्यांची मुलगी मंदाकिनी दिसते, सात वर्षांची पोर, नुसता चेहरा, त्यावर एकेक भाव येतात जातात आणि बघता बघता त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. शंभर वर्षांपूर्वीचं लेकरू आपल्याकडे बघतंय असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो.

तर आम्ही त्र्यंबकेश्वर तालुक्यातले. फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा आणि आमच्या शाळेतल्या पोरांना त्यांचं नाव फक्त पुरस्कारापुरतं माहीत, हे मला फार लागतं. म्हणून 30 एप्रिलला त्यांच्या जयंतीला संध्याकाळी देवळासमोरच्या पटांगणात पडदा लावून हा सिनेमा दाखवायचा आणि साथीला गावचंच भजनी मंडळ, पेटी पखवाज टाळ, असं ठरवतोय. मंडळ एका पायावर तयार आहे.

अडचण प्रतीची. नेटवर जी सापडली ती इतकी पुसट की कालियाचा फणा कुठला आणि पाणी कुठलं कळत नाही, शिवाय सगळे तुरुतुरु पळतात, मुके सिनेमे कमी वेगाने चित्रित व्हायचे आणि आता सेकंदाला 24 फ्रेमने चालवले की असं होतं म्हणे. चांगली प्रत पुण्याच्या फिल्म अर्काइव्हकडे आहे, ते आता एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) गेलंय, मग पत्र नक्की कोणाच्या नावाने लिहायचं? शाळेच्या लेटरहेडवर की ग्रामपंचायतीच्या? सिनेमाचा कॉपीराइट कधीच संपला असणार, पण त्यांनी मेहनतीने नीट केलेल्या प्रतीला परवानगी आणि फी लागेलच ना, तिकीट लावणार नाही म्हटल्यावर काही सवलत मिळते का? आणि आमच्याकडे लॅपटॉप आणि साधा प्रोजेक्टर आहे, थिएटरवाली डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची खास डिजिटल प्रत) त्यावर चालणार नाही, तर साधी फाइल देतात का? फिल्म सोसायटी चालवणाऱ्या कुणी असं काही मागवलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, किती दिवस आधी अर्ज केलात तेही.

दुसरं म्हणजे मुक्या सिनेमाला कुणी लाइव्ह साथ केली असेल तर तालीम कशी केलीत? सिनेमा पाऊण तासाच्या आसपासचा. पखवाजवाले काका रोज विचारतात की कृष्ण डोहात उडी मारतो तिथपासून फण्यावर उभा राहीपर्यंत मिनिटं किती, त्यांना तिथे लय चढवत न्यायचीय, आणि बरोबर वेगाची प्रत हातात नसताना मी त्यांना काय सांगू?