निर्बंध, नाकेबंदी की नुसतं नाक दाबणं?

प्रश्न : बातम्यांत एखाद्या देशाने दुसऱ्याच्या मालावर शुल्क वाढवलं तरी ‘निर्बंध लादले’, तेल विकायचं थांबवलं तरी ‘निर्बंध’, जहाजं अडवली तरी तेच. एवढ्या सगळ्याला एकच शब्द कसा पुरेल?

प्रतिसाद : पुरत नाहीच. शुल्क वाढलं तरी माल येतो, फक्त महाग होऊन येतो. निर्बंधात व्यवहारच थांबतो, आणि तो जाहीरपणे, कारण सांगून थांबवतात. कुवेतवरच्या आक्रमणानंतर १९९० मध्ये सुरक्षा परिषदेने इराकवर घातले ते निर्बंध. नाकेबंदी हे आरमाराचं काम, आणि ती युद्धकृती मानतात. म्हणून तर १९६२ मध्ये क्यूबाभोवती युद्धनौका उभ्या करूनही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी ‘ब्लॉकेड’ (नाकेबंदी) हा शब्द टाळून ‘क्वारंटाइन’ म्हटलं!

प्रतिसाद : पण कारण भलतंच सांगितलं तर? २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने कोविडच्या उगमाची चौकशी मागितली. त्यानंतर थोड्याच दिवसांत चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क बसवलं. कागदोपत्री तक्रार एवढीच, की माल सरकारी अनुदानावर, पडत्या भावात आणून ओतला जातो. २०२३ मध्ये संबंध निवळले, शुल्कही गेलं. याला निर्बंध कसं म्हणणार? हे नाक दाबून तोंड उघडायला लावणं झालं. मथळ्यात ‘व्यापारी दडपण’ चालेल का?

प्रतिसाद : ‘दबाव’ बरा. दबाव टाकणारा टाकतो, दडपण ज्याचं त्याला येतं. (परीक्षेचं दडपण असतं, दबाव नव्हे.) युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा प्रकारांविरुद्ध कायदाच केला, त्या संदर्भात मी ‘आर्थिक बळजबरी’ लिहितो. ‘सक्ती’ नको, ती कायदेशीरही असते.

प्रतिसाद : ‘व्यापारकोंडी’ सुचवणार होतो.

प्रतिसाद : जपून वापरा. कोंडी म्हणजे वाटाच बंद. ऑस्ट्रेलियाच्या बार्लीला सौदी अरेबियासारखी दुसरी गिऱ्हाइकं मिळाली, मग कसली कोंडी? १९४१ मध्ये अमेरिकेने जपानचं तेल तोडलं, ती खरी कोंडी, कारण जपानचं बहुतेक तेल तिथूनच यायचं. क्रियापदंही बघा : शुल्क मागे घेतात, निर्बंध उठवतात, कोंडी मात्र फोडावी लागते. जपानने ती कशी फोडायला घेतली, हे त्याच वर्षी डिसेंबरात पर्ल हार्बर या अमेरिकी आरमारी तळावरच्या हल्ल्यात दिसलं.