सिनेगॉगमध्ये पाकीट पुढे केलं आणि समोरच्या गृहस्थांनी हात मागे घेतले. माझं काय चुकलं?

सायलीची_आई:
नमस्कार मंडळी. माझी बँकेतली मैत्रीण बेने इस्रायली आहे, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. तीस वर्षांची मैत्री, तिच्या घरी मी कितीदा जेवले असेन, पण सिनेगॉगची, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळाची पायरी कधी चढले नव्हते. गेल्या शनिवारी तिच्या वडिलांचा वर्षाचा दिवस होता, ती 'हश्काबा' म्हणाली, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणून सकाळी गेले. डोक्यावर पदर घेतला, बायकांच्या बाजूला बसले. प्रार्थना हिब्रूत, पण शेजारच्या काकू पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून हळूच मराठीत सांगत होत्या, त्यामुळे परकं वाटलं नाही.

साडेनऊच्या सुमारास सगळं थांबलं. कोणीतरी माणसं मोजली, एक कमी होता. एक मुलगा खाली धावला आणि समोरच्या इमारतीतल्या एका आजोबांना हाताला धरून घेऊन आला. मग पुढचं सुरू झालं. नंतर एकेकाला नावाने वर बोलावत होते आणि मध्येच आकडे ऐकू येत होते, 'एकशे एक', 'पाचशे'. मला वाटलं, इथे देणगी द्यायची असते. मी ५०१ रुपयांचं पाकीट नेलंच होतं. शेवटी हिशेब बघणारे वाटले त्या वयस्कर गृहस्थांपुढे धरलं, तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. 'आज नाही बाई,' म्हणाले, हसून म्हणाले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैत्रीण पाहुण्यांत होती, तिला विचारायचा धीर झाला नाही. पाकीट अजून पर्समध्येच आहे. माझं काही चुकलं का? आणि आता ते द्यायचं कसं?

वाटसरू:
दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून घेत नसतील ताई. मनाला लावून घेऊ नका.

पेणचा_गब्बाय:
वाटसरू, तसं नाही हो. सगळ्यांचं घेतात. ताई, तुम्ही ज्यांच्यापुढे पाकीट धरलंत ते बहुतेक गब्बाय असणार, म्हणजे खजिनदार. मी स्वतः बावीस वर्षं गब्बाय होतो, तेव्हा मला सांगू द्या.

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस लागतो, तो शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात आम्ही पैशाला हात लावत नाही, लिहीत नाही, घेणं-देणं करत नाही. कोकणात आमच्या वाडवडिलांना 'शनिवार तेली' म्हणत ते याचमुळे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. तुमची नोट त्या दिवशी कोणाचीच घेतली नसती, माझ्या सख्ख्या भावाचीही नाही.

मग ते आकडे कसले? त्याला आम्ही नदावा म्हणतो. सेफेर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी, बाहेर काढली की शब्बाथला किमान सात जणांना वर बोलावतात. वर गेलेला माणूस आशीर्वाद म्हणतो आणि आपल्या माणसांच्या नावाने काही रक्कम बोलतो. कोणी आजाऱ्यासाठी, कोणी बाळंतिणीसाठी, कोणी गेलेल्यांसाठी. फक्त बोलतो. तुम्हाला नवस बोलणं आणि नवस फेडणं माहीत आहे, अगदी तेच. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग असंच उभं राहिलं. सॅम्युएल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले, त्याची कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ साली मांडवीत ते बांधलं, असं आमच्यात सांगतात. ज्या रस्त्यावर ते आहे तो सॅम्युएल स्ट्रीट.

बोललेलं सगळं गब्बायने डोक्यात ठेवायचं. मी घराघरांच्या क्रमाने ठेवायचो, आळीत शिरल्यावर पहिलं घर कुणाचं, मग दुसरं, तसं. रात्री तारे दिसले की लाल कापडाची वही उघडायची आणि एका दमात उतरवून काढायचं. बायको म्हणायची, आधी चहा तरी घ्या. पण चहाच्या आधी लिहिलं नाही तर एखादं घर निसटायचं.

एक ओळ मी कधी विसरणार नाही. १९७१ साली एक कुटुंब इस्रायलला गेलं. जायच्या आधीच्या शब्बाथला आजोबा २५ रुपये बोलले होते. निघायच्या गडबडीत १४ भरले, ११ राहिले. माझ्याकडे वही आली तेव्हा ती ओळ तशीच उघडी होती, आधीच्या गब्बायने काट मारली नव्हती, मीही मारली नाही. १९८९ मध्ये त्यांचा मुलगा आला. म्हातारे तिकडेच वारले होते, जाताना त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं होतं की पेणला ११ रुपये द्यायचे आहेत. मी वही काढून त्याच्यापुढे ठेवली. बापाचं नाव मोडीवळणी अक्षरात बघून तो बराच वेळ त्यावर हात ठेवून बसला. मग एक दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं दिलं. जास्त द्यायला निघाला होता, मी म्हटलं, ते वेगळं लिहू, ही ओळ ११ चीच मिटू दे.

आणि ते आजोबा, ज्यांना मुलगा धावत घेऊन आला. दहा पुरुष जमल्याशिवाय सेफेर तोरा काढत नाहीत, कद्दीश, म्हणजे गेलेल्यांच्या नावाने म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही. तुमच्या मैत्रिणीच्या वडिलांसाठी कद्दीश त्या आजोबांमुळे झाला. पेणला १८६३ पासून सिनेगॉग आहे, पण माणसं मुंबईला गेली, इस्रायलला गेली. आम्ही नऊ जण दहाव्याची वाट बघत बाकावर बसलोय आणि कोणीच आलं नाही, अशा सकाळी मी पाहिल्या आहेत. हश्काबा असलेल्या घरची बाई वरून वाकून दरवाजाकडे बघत असते. तेव्हा कोणी लाख रुपये दिले असते तरी उपयोग नव्हता. म्हणून सांगतो, तुम्ही त्या दिवशी गेलात, तीन तास बसलात, हे त्या घराला पोचलंय.

पाकिटाचं म्हणाल तर रविवारी किंवा कुठल्याही वारी जा, गब्बायना द्या, पावती घ्या. कुणाच्या नावाने ते मात्र सांगा, नाव ते विचारतीलच.

अश्दोदची_लेक:
काका, वाचून डोळे भरले. माझा जन्म अलिबागच्या इस्रायल आळीतला, लहानपणीच इकडे इस्रायलला आले. आजीचा डबा आठवला. पत्र्याचा, झाकणाला सुरीने फट पाडलेली. शुक्रवारी दिवे लावायच्या आधी त्यात एक नाणं टाकायची आणि आम्हा मुलांच्या हातानेही टाकून घ्यायची. दिवा लागला की नाण्याला हात नाही. दारफाळणीच्या, म्हणजे योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशी आमचा शिळा सण. त्या दिवशी गरिबांना द्यायचं आणि नातेवाइकांकडे जायचं. आजी तेव्हा तो डबा पाटावर उपडा करायची. किती निघाले ते मोजलेलं मी कधी पाहिलं नाही.

ताई, इथे युरोपातून आलेली मंडळी १८ च्या पटीत देतात. हिब्रूत 'हाय' म्हणजे जिवंत, त्यातलं खेत हे अक्षर ८ आणि योद १०. पण आमच्या घरी आपल्यासारखाच वर एक रुपया असायचा, त्यामुळे तुमचे ५०१ बरोबर आहेत.

सायलीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली, अगं, वेडे, तेव्हाच का नाही विचारलंस! काल दोघी गेलो. तेच गृहस्थ होते. पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, वही उघडली आणि नाव विचारलं. मी मैत्रिणीच्या वडिलांचं सांगितलं. त्यांनी त्याखाली कंसात 'मुलीच्या मैत्रिणीकडून' असं लिहायला घेतलं, तर मैत्रीण म्हणाली, 'मुलीकडून' लिहा.

येत्या शनिवारी रात्री तिच्याकडे मलिदा आहे, म्हणजे एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने करतात तो विधी. गोड पोहे आणि फळं असतात एवढं माहीत आहे. मी फळं नेणार आहे. कुठली चालतील? केळी नेऊ का?

पेणचा_गब्बाय:
केळी हवीतच. झाडाच्या फळांचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्यांचा वेगळा, आणि केळं जमिनीच्या बाजूला धरतात. सोबत सफरचंद, डाळिंब न्या. खजूर, पोहे, ओलं खोबरं त्यांच्याकडे असेल. आणि अंधार पडल्यावरच निघा, तारे दिसायच्या आधी तिची तयारी सुरू व्हायची नाही.