मिशिगन जिंकलं! – घरच्या ग्रुपवर, मंगळवार, ९ जानेवारी २०२४

दादा (अ‍ॅन आर्बर): जिंकलो!!! ३४-१३. ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीला हरवून आमची मिशिगन युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची राष्ट्रीय विजेती. पंधरा मॅच, पंधरा विजय. साऊथ युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर उभा आहे, रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही, बोटं गारठलीत. चुका पोटात घाला.

मोठे काका: आरं वा! अभिनंदन बाळा. नाद खुळा! सकाळी सहापास्नं काकू आणि मी शोधतोय, इथं कुठल्या चॅनलवर लागतंय ते काय सापडलं नाही बघ.

आत्या: अभिनंदन रे. तिकडे अकरा वाजून गेले असतील ना? कानटोपी घातलीयस का?

दादा (अ‍ॅन आर्बर): घातलीय आत्या. निळी-पिवळी.

छोटी (पुणे): दादा, मी बसमध्ये स्कोअर बघत होते. पण एक सांग, कॉलेजच्या पोरांचा संघ जिंकला म्हणून अख्खं गाव रस्त्यावर?

दादा (अ‍ॅन आर्बर): छोटे, या गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आत आहे आणि इथलं स्टेडियम १,०७,६०१ जणांचं. सगळे त्याला बिग हाऊस म्हणतात. गेमच्या शनिवारी रस्ते सकाळपासूनच तिकडे वाहायला लागतात. आधीचं विजेतेपद १९९७ चं, तेही नेब्रास्काबरोबर वाटून घेतलेलं. कारण तेव्हा प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या बाद फेऱ्या, नव्हते, पत्रकारांनी मिशिगनला निवडलं आणि कोचांनी नेब्रास्काला. आत्ता माझ्या आजूबाजूला जी पोरं नाचतायत त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मधल्या काळात काय काय गिळलंय आम्ही. २०२० ला सहापैकी चार हरलो, कोच हार्बोचा पगार कापला. मग सलग दोन वर्षं प्लेऑफच्या सेमीफायनलला बाहेर पडलो, एकदा जॉर्जियाकडून, एकदा टीसीयू म्हणजे टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीकडून. टीसीयूची ५१-४५ ची मॅच तर अजून डोक्यातून जात नाही.

ताई (कोलंबस): अभिनंदन भावा. आम्ही ओहायो स्टेटवाले, तुमचे जुने वैरी, त्यामुळे आमच्या घरात सुतक आहे, पण तुझ्यासाठी खरंच आनंद झाला. हे उठून आत गेलेत, येतील बोलायला.

मोठे काका: फायनल कशी झाली ते तर सांग.

दादा (अ‍ॅन आर्बर): काका, फायनल सुंदर झाली. डॉनोव्हन एडवर्ड्सने पहिल्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे मॅचच्या पहिल्या पाव भागात, दोन टचडाऊन केले (चेंडू घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार जायचं), एक ४१ यार्ड पळून, एक ४६. सगळा सीझन त्याला असं मोकळं रान मिळालं नव्हतं. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, पेनिक्स, देशातल्या सगळ्यात भारी पासरपैकी एक, त्याला आमच्या पोरांनी एकही लांबचा पास सुखाने टाकू दिला नाही. दोन इंटरसेप्शन, म्हणजे त्याचे पास आमच्यांनीच मधे पकडले. दुसरं माइक सेनरिस्टिलने पकडलं आणि ८१ यार्ड घेऊन पळाला. हा मुलगा हैतीत जन्मला, कॉलेजची पहिली वर्षं रिसीव्हर म्हणून खेळला, म्हणजे पास झेलणारा. मग त्याला सांगितलं, तू आता डिफेन्समध्ये ये. कॅप्टन झाला.

पण मला कुणी विचारलं ना, की हा सीझन कुठल्या मॅचचा, तर मी फायनल सांगणार नाही. अलाबामाविरुद्धची रोझ बोलची मॅच, म्हणजे प्लेऑफची सेमीफायनल, तीही नाही. मी पेन स्टेटविरुद्धची सांगेन.

छोटी (पुणे): का? तिथे काय झालं?

दादा (अ‍ॅन आर्बर): घरी पोचून लिहितो. थांबा.

दाजी (कोलंबस): अभिनंदन. मनापासून. आज तुमची लाईन, म्हणजे पुढची पाच जणांची फळी, जशी खेळली तशी लाईन मी बऱ्याच वर्षांत बघितली नाही. पण दादासाहेब, पेन स्टेटचं सांगणार असाल तर कोच त्या दिवशी मैदानावर का नव्हता, तेही सांगा सगळ्यांना. काकांना सगळं कळू दे.

दादा (अ‍ॅन आर्बर): सांगणारच होतो दाजी. लपवण्यासारखं काही नाही.

आलो घरी. काका, छोटी, आधी एवढं समजून घ्या. या खेळात दहा यार्ड जायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी कोच बाहेरून सांगतो कोणता डाव खेळायचा. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. कॉलेजात या सीझनलाही नव्हता. तिथे साइडलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, हातवारे करायचे, चित्रांचे मोठे बोर्ड धरायचे. समोरच्या संघाने मॅच चालू असताना ते हातवारे ओळखले तर त्यात काही बेकायदा नाही, सगळेच प्रयत्न करतात. पण पुढे ज्यांच्याशी खेळायचंय त्यांच्या मॅचला आधीच जाऊन बसायचं, हे १९९४ पासून बंद आहे. आमच्या एका कर्मचाऱ्याने दुसऱ्या संघांच्या मॅचची तिकिटं काढली, माणसं बसवली आणि साइडलाइनचे व्हिडिओ काढून घेतले, असा आरोप आहे. ऑक्टोबरच्या १९ तारखेला हे बाहेर आलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याने राजीनामा दिला.

मोठे काका: म्हणजे चूक तुमचीच की.

दादा (अ‍ॅन आर्बर): त्या माणसाने केलं ते चूकच, काका. त्याचं समर्थन मी कधी केलं नाही, करणार नाही. एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या देशभरच्या संस्थेची, चौकशी चालू आहे, जी शिक्षा होईल ती विद्यापीठाने मान खाली घालून घ्यावी.

आता पेन स्टेट. १० नोव्हेंबर, शुक्रवार. संघ मॅचच्या गावाला निघालेला आणि तेवढ्यात बिग टेनने, म्हणजे आमच्या लीगने, जाहीर केलं, हार्बोला नियमित सीझनच्या उरलेल्या तिन्ही मॅचला मैदानावर यायला बंदी. आठवडाभर सराव घ्यायचा, शनिवारी घरी बसायचं. मॅच दुसऱ्या दिवशी दुपारी, परक्या मैदानावर, लाखभर माणसं विरोधात. सगळी जबाबदारी शेरोन मूरवर. ऑफेन्सिव्ह लाईनचा कोच, वय ३७. आणि पेन स्टेटचा डिफेन्स देशात पहिल्या काही संघांत.

मूरने काय केलं माहितीय? दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यापासून पास टाकणंच बंद केलं. सलग ३२ वेळा चेंडू रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन पळणारा गडी) नाहीतर क्वार्टरबॅकने स्वतः घेऊन पळायचं. एकदाच पास टाकला, त्यावर समोरच्यांचा फाउल झाला म्हणून तो हिशेबात धरला नाही. जे. जे. मॅकार्थीसारखा क्वार्टरबॅक हाताशी असून त्याचे मॅचभरात आठच पास. आणि पेन स्टेटला कळत होतं. स्टेडियममधल्या प्रत्येकाला कळत होतं, आता हे पळणार आहेत, इथूनच पळणार आहेत. तरी अडवता आलं नाही. २४-१५.

मोठे काका: म्हंजे डाव तोंडानं सांगायचा, आता पट काढणार म्हणून, आणि तरी गड्याला आस्मान दाखवायचं! हे आपल्या मातीतलं झालं की रं. आता मला कळला तुझा खेळ.

दादा (अ‍ॅन आर्बर): अगदी बरोबर काका! हेच. दाजी, म्हणून मला पेन स्टेट महत्त्वाची वाटते. त्या दिवशी डाव चोरायचा प्रश्नच नव्हता. समोरच्याला आमचा डाव माहीत होता. आमच्या पाच जणांनी समोरच्या माणसाला दोन पावलं मागे ढकललं, बस्स. बत्तीस वेळा.

आणि मॅच संपल्यावर टीव्हीवाल्या बाईंनी मूरसमोर माइक धरला तर त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ढसाढसा रडला. हार्बोचं नाव घेऊन रडला.

आत्या: अगं बाई. भर टीव्हीवर?

दादा (अ‍ॅन आर्बर): हो आत्या. मी पण रडलो.

दाजी (कोलंबस): पेन स्टेटबद्दल मला काही म्हणायचं नाही. नोव्हेंबरमध्ये आम्हालाही हरवलंत, ते स्वच्छ हरवलंत. आम्ही आमचे सगळे हातवारे बदलून आलो होतो. माझं दुखणं वेगळं आहे. २०२१ आणि २०२२ च्या आमच्या दोन मॅच. त्या मी आता पूर्वीसारख्या बघू शकत नाही. ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं असं वाटतं.

दादा (अ‍ॅन आर्बर): दाजी, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. तुम्ही त्या जागी आहात, मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. माझं एवढंच म्हणणं आहे की या वर्षीच्या पोरांना त्यात ओढू नका. प्रकरण बाहेर आल्यावर सगळा देश त्यांच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून होता. त्यानंतर त्यांनी पेन स्टेट, ओहायो स्टेट, आयोवा, अलाबामा आणि वॉशिंग्टन यांना हरवलं. आयोवाला तर एक पॉइंट दिला नाही, २६-०. हे त्यांच्या घामाचं आहे.

ताई (कोलंबस): ओहायो स्टेटच्या मॅचला तू स्टेडियममध्ये होतास ना? त्या आठवड्यात इथे काय वातावरण असतं ते मी सांगते. विद्यापीठाच्या पाट्यांवरचं प्रत्येक एम अक्षर लाल फुलीने खोडतात. दोन्ही संघ तोवर एकही मॅच न हरता आलेले. आमच्याकडे शेजारी वीस जण जमले होते, शेवटच्या मिनिटाला कुणी श्वास घेत नव्हतं.

दादा (अ‍ॅन आर्बर): होतो. ते झिंटरचं सांगायलाच पाहिजे.

झॅक झिंटर, जर्सी नंबर ६५, आमचा राइट गार्ड. गार्ड म्हणजे ज्याचं नाव पेपरात कधी येत नाही, ज्याच्या हातात चेंडू कधी येत नाही. तिसरा क्वार्टर, १७-१७. एक डाव संपला, ढिगारा उठला, हा खाली. पाय मोडलेला. मी बसलो होतो तिथूनही कळलं की हे साधं नाही. आमचे सगळे खेळाडू मैदानात जाऊन त्याच्याभोवती उभे राहिले. एक लाख दहा हजार माणसं, आणि माझ्या शेजारच्या बाईंच्या थर्मासचं झाकण खाली पडलं त्याचा आवाज ऐकू आला. गाडीवरून त्याला नेलं.

पुढचाच डाव. ब्लेक कोरमला चेंडू दिला. २२ यार्ड, सरळ आत, टचडाऊन. आणि त्याने बोटांनी सहा आणि पाच करून दाखवलं.

छोटी (पुणे): दादा, अंगावर काटा आला.

दादा (अ‍ॅन आर्बर): झिंटरच्या जागी कोण? उजव्या टोकाला खेळणारा बार्नहार्ट आत सरकला आणि बार्नहार्टच्या जागी ट्रेंटे जोन्स आला. ती जोडाजोड केलेली लाईन घेऊन आम्ही ती मॅच जिंकलो. शेवटची पंचवीस सेकंद उरली असताना आमच्या रॉड मूरने (हा खेळाडू, कोच मूर वेगळा) त्यांचा पास पकडला, ३०-२४. त्याच लाईनने अलाबामाला ओव्हरटाइममध्ये मागे रेटलं आणि आज ३०३ यार्ड पळवले. टीव्हीवर सगळे हार्बो-हार्बो करतायत. करू देत. पण सुरुवातीच्या तीन मॅचलाही तो नव्हता, त्या वेगळ्या प्रकरणात विद्यापीठानेच त्याला बसवलं होतं. म्हणजे नियमित सीझनच्या बारापैकी सहा शनिवार संघ मुख्य कोचशिवाय उतरला. आणि एकही हरला नाही. हे पोरांचं विजेतेपद आहे.

आत्या: तो ब्लेक कोण, त्याच्याबद्दल अजून सांग. चांगला मुलगा दिसतोय.

दादा (अ‍ॅन आर्बर): फार चांगला, आत्या. गेल्या सीझनला नोव्हेंबरमध्ये, म्हणजे २०२२ ला, इलिनॉयविरुद्ध त्याचा गुडघा गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इप्सिलांटीत उभा राहून लोकांना थँक्सगिव्हिंग सणाच्या टर्की वाटत होता, आधी ठरलं होतं म्हणून. आता खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवता येतात, त्यातून हे करतो. ऑपरेशन झालं, प्लेऑफ बुडले. एनएफएलला जाऊ शकला असता. गेला नाही, हे एक काम राहिलंय म्हणून परत आला. या सीझनला पळून केलेले २७ टचडाऊन, मिशिगनच्या इतिहासात एका वर्षात कुणी केले नव्हते. आज १३४ यार्ड आणि शेवटचे दोन्ही टचडाऊन त्याचेच.

आत्या: देव भलं करो त्याचं.

मोठे काका: आलाबामाचं राहिलं. रोझ बोल म्हणालास ते.

दादा (अ‍ॅन आर्बर): काका, ते उद्या फोनवर सांगतो, लिहून होणार नाही. एवढंच सांगतो, सात पॉइंटने मागे, शेवटची काही मिनिटं उरलेली, स्वतःच्याच अर्ध्यात चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. हुकलं तर सीझन संपला. पास कोरमला, २७ यार्ड. तिथून बरोबरी. मग ओव्हरटाइममध्ये कोरमने टचडाऊन केला आणि त्यांच्या क्वार्टरबॅकला शेवटच्या प्रयत्नाला तीन यार्डांवरून रोखलं.

दाजी (कोलंबस): ती मॅच मी उभ्याने बघितली. त्या दिवशी मीही तुमच्याच बाजूने होतो, हे आमच्या शेजाऱ्यांना सांगू नका.

छोटी (पुणे): पुढच्या वर्षी काय? सगळे राहणार का?

दादा (अ‍ॅन आर्बर): नाही गं. कोरम जाणार, झिंटर जाणार, सेनरिस्टिल जाणार, मॅकार्थीही जाईल असं दिसतंय. हार्बोच्या मागे एनएफएल लागलीय. तो स्वतः इथलाच जुना क्वार्टरबॅक, आपल्या विद्यापीठाला विजेतेपद मिळवून दिलं, आता गेला तर माझ्या मनात काही राहणार नाही. बिग टेनमध्ये वॉशिंग्टन, ओरेगन, यूएससी आणि यूसीएलए येतायत, प्लेऑफ चारऐवजी बारा संघांचे होतायत. सगळंच बदलणार. मला एकच वाटतं, हार्बो गेलाच तर बाहेरून मोठं नाव आणू नका. मूरला द्या.

आत्या: मूर म्हणजे रडला तोच ना?

दादा (अ‍ॅन आर्बर): तोच आत्या.

मोठे काका: आमचा व्हिसा झालाय. सप्टेंबरात येतोय. एक मॅच दाखव.

दादा (अ‍ॅन आर्बर): काका, ७ सप्टेंबर, टेक्सस, बिग हाऊसमध्ये. तुमचं आणि काकूंचं तिकीट माझ्याकडे लागलं.

ताई (कोलंबस): आणि ३० नोव्हेंबरपर्यंत राहा काका. या वेळची मॅच कोलंबसला आहे. दादा, तूपण आमच्याकडेच उतर.

दाजी (कोलंबस): या. जेवण आमच्याकडे, मैदान आमचं, आणि या वेळी आम्ही पण लाईन घडवून आणतो.