बाबागाडी ढकलताना फिटनेस बँड पावले कमी मोजतो : मदत हवी आहे

व्यायाम म्हणून मी रोज नातवाची बाबागाडी ढकलत भरभर चालतो. दोन्ही हात दांड्यावर स्थिर राहत असल्यामुळे मनगटावरचा फिटनेस बँड पावले फारच कमी मोजतो; तेच अंतर हात मोकळे सोडून चाललो, तर त्याचा आकडा मी मनात मोजलेल्या पावलांशी जवळजवळ जुळतो. बँड हाताच्या हालचालीवरून पावले ओळखतो, त्यामुळे कारण उघड आहे. अडचण आहे ती उपायाची.

बँड दुसऱ्या हाताला बांधून पाहिला, सेटिंगमध्ये उंची आणि पावलाची लांबी नव्याने भरली, पण फरक पडला नाही. पँटच्या खिशात ठेवल्यास पावले बरोबर येतात, मात्र हृदयाचे ठोके मोजले जात नाहीत, आणि मला तेही हवे आहेत. बँडमध्ये जीपीएस नाही व फोन सोबत न्यायचा नाही. ठोक्यांवर परिणाम करणारे कोणतेही औषध मी घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना सुचवलेला, आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम माझ्याकडून खरोखर होतो का, एवढेच मला पाहायचे आहे. मिनिटाला सुमारे 100 पावले ही त्या तीव्रतेची ढोबळ खूण मानली जाते, म्हणून चालण्याची गती तरी खरी कळायला हवी.

बँड घोट्याला बांधून कोणी वापरला आहे का, तिथे पावले आणि ठोके दोन्ही विश्वासार्ह येतात का, की पावलांसाठी कमरेला लावायचे वेगळे पेडोमीटर घेणेच योग्य ठरेल?