हिवाळाभर डोंगरावर केअरटेकर म्हणून कुणी राहिलंय का? दिवस नेमका कसा जातो?

रानवारा:

नमस्कार मंडळी. सुमारे २९०० मीटर उंचीवर गिर्यारोहकांसाठी बांधलेला एक निवारा आहे. यंदाच्या हिवाळ्यात चार महिने त्याची राखण करायचं काम माझ्याकडे आलंय. सोबत एक अनुभवी माणूस असेल, पण तो सामानासाठी अधूनमधून खाली उतरणार. तेवढे दिवस, म्हणजे महिन्यातले आठ-दहा तरी, मी एकटाच.

बर्फात चालायची सवय आहे, हिमस्खलनाचं प्राथमिक प्रशिक्षण झालंय. पण बर्फात मुक्काम म्हणजे माझे जास्तीत जास्त चार रात्रींचे. फोटो आणि व्हिडिओ भरपूर पाहिले, त्यांत दिवसभराचं काम कुठेच दिसत नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत माणूस करतो काय? हवा बिघडणार हे कळतं कसं? आणि सर्वांत जास्त सांभाळायचं कशाला? ज्यांनी हे केलंय त्यांनी हातचं न राखता लिहावं, ही विनंती.

पागोळी:

मी असे चार हिवाळे काढले आहेत, उंचीही जवळपास तुमच्याइतकीच. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. घराची भोकं उघडी ठेवायची. दार, हवेच्या खिडक्या, धुराडं. वारा आणि बर्फ दिवसरात्र ती बुजवत असतात आणि तुम्ही ती मोकळी करत असता. बाकीची सगळी कामं याच्या आजूबाजूला बसवायची.

सकाळचं पहिलं काम म्हणजे दार. तिथलं दार आत उघडणारं आहे ना, हे आधी विचारून घ्या. बाहेर उघडणारं असेल तर एका रात्रीत तुम्ही कोंडले जाल. वादळाच्या दुसऱ्या सकाळी मी दार आत ओढलं, तर समोर छातीपर्यंत पांढरी भिंत उभी, आणि तिच्यावर दाराचा हुबेहूब ठसा. फळ्यांच्या सांध्यांच्या रेघा, खिळ्यांची गोल डोकी, मधल्या एका फळीतली लाकडाची गाठसुद्धा. हात लावला तर कडक. वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फ फावड्याने उचलला जात नाही, कापावा लागतो. म्हणून फावडं आणि बर्फ कापायची करवत नेहमी घरात, दाराच्या आतल्या बाजूला. बाहेर ठेवलेलं फावडं शोधायलाही फावडंच लागतं.

दार झालं की हवेच्या खिडक्या आणि धुराडं. मग सातच्या नोंदी: रात्रीचं किमान तापमान, आत्ताचं तापमान, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा आणि वेग, ढग किती आणि कसले, काठीवर बर्फाची उंची. ताज्या बर्फासाठी एक सपाट फळी असते. तिच्यावर किती साचला ते मोजायचं, फळी झाडायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. हे सगळं वीस मिनिटांचं काम, पण उणे १८ मध्ये पेन्सिल धरायला हातमोजा काढला की बोटं परत हाताशी यायला आणखी वीस मिनिटं जातात. शिसपेन्सिलच न्या, शाईचं पेन गोठतं.

मग पाणी. याला किती वेळ लागतो याची खाली कुणालाच कल्पना नसते. ताजा भुसभुशीत बर्फ दहा भांडी वितळवलात तर साधारण एक भांडं पाणी हाती लागतं. शिवाय शून्य अंशाचा किलोभर बर्फ नुसता वितळवायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत किलोभर पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे इंधनाचा मोठा भाग बर्फाचं पाणी करण्यातच जातो. वाऱ्याने घट्ट झालेल्या बर्फाचे ठोकळे करवतीने कापून आणा, तेवढ्याच भांड्यात तिप्पट-चौपट पाणी मिळतं. आणि भांड्याच्या तळाशी आधीचं थोडं पाणी राखून मगच बर्फ घाला. कोरड्या भांड्यात बर्फ टाकला की तळ करपतो आणि दिवसभर पाण्याला जळका वास येतो. बर्फ घ्यायची जागा एकच ठरवा, घराच्या वाऱ्याकडच्या अंगाला, आणि तिथे झेंडी रोवा. त्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा स्वयंपाकाला प्रेशर कुकर हवाच.

दुपारी पुन्हा खोदाई, छपराची पाहणी, काही निखळलं असेल तर दुरुस्ती. पाच वाजता दुसऱ्या नोंदी आणि रेडिओवरून खाली खुशाली. संध्याकाळ ओलं सुकवण्यात जाते. हातमोज्यांचं अस्तर, बुटांचे आतले मोजे, टोपी. ओलं काही सकाळपर्यंत राहिलं तर सकाळी ते लाकडासारखं झालेलं असतं.

आता हवा. खालून येणारा अंदाज ऐकायचाच, पण आपल्या डोंगराची खोड आपणच शिकायची. माझ्या मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ होतं, ते दाबावर चालतं. घर तर जागचं हलत नाही. मग रात्री २९०० दाखवणाऱ्या घड्याळाने सकाळी २९६० दाखवले की समजायचं, दाब पाचेक हेक्टोपास्कलने उतरलाय. त्यात आदल्या दिवशी पातळ पांढरे ढग येऊन सूर्याला किंवा चंद्राला खळं पडलं असेल आणि वारा दिशा बदलत असेल, तर मी सामान आत घ्यायला लागायचे. नुसत्या खळ्यावर भरवसा ठेवू नका, कितीतरी खळी कोरडीच गेली. तिन्ही जुळलं तेव्हा मात्र मला क्वचितच चुकलेलं आठवतं.

वाऱ्याबद्दल सांगावं तितकं थोडं. वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि हे अंगाला लगेच कळतं. ताशी ५० ला माणूस वाकून चालतो, १०० ला रांगतो. उणे १० तापमान आणि ताशी ४० किलोमीटर वारा असला की उघड्या कातडीला ते उणे २१ सारखं लागतं.

आणि ढगात बसलेलं घर. ढगातले थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतात आणि कशालाही टेकले की तिथल्या तिथे गोठतात. तारांवर, खांबांवर, धुराड्याच्या टोपीवर पिसांसारखा बर्फ वाढत जातो, आणि तो वाढतो वाऱ्याच्या दिशेने, वारा येतो तिकडे तोंड करून. वारामापकाची वाटी अशी गोठली की ती हळू फिरते आणि आकडा खोटा येतो. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनच्या वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ ला ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेला. हा विक्रम १९९६ पर्यंत टिकला. त्या दिवशी पहाटे एका निरीक्षकाला आकडा कमी वाटला, म्हणून तो तसल्या वाऱ्यात वर चढून सोट्याने वारामापकावरचा बर्फ झोडून आला. डोंगर जेमतेम १९१७ मीटरचा. उंचीवरून वाऱ्याचा अंदाज बांधू नका.

आता माझी चूक. दुसऱ्या हिवाळ्यात, वादळाची तिसरी रात्र. वाऱ्याकडची खिडकी मी दर थोड्या वेळाने मोकळी करत होते. आडोशाच्या बाजूची बघितलीच नाही, कारण तिथे वारा लागत नव्हता. पण वारा उचललेला बर्फ नेमका आडोशालाच टाकतो. रात्री दोनच्या सुमारास कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे हवा कमी पडली की शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूचा, अलार्म वाजायला लागला. डोकं दगडासारखं जड, आणि मला आठवतं, मी अंथरुणात पडून तो आवाज ऐकत होते आणि उठावंसंच वाटत नव्हतं. सोबतिणीने मला ओढून उभं केलं. दार उघडलं, शेगडी विझवली, आणि दोघी त्या थंडीत खिडकी खणत बसलो. माझं डोकं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणकत होतं. शेगडीची ज्योत संध्याकाळपासून पिवळी दिसत होती, ते मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. त्यानंतर वादळात दर तीन तासांनी गजर लावून घराला पूर्ण वेढा घालते, चारही बाजू, कमरेला दोर बांधून. अलार्म दोन न्या, आणि वर जायच्या आधी चालवून बघा.

खडक:

पागोळी यांनी बहुतेक सगळं सांगितलंय, मी बॅटरीबद्दल भर घालतो. थंडीत बॅटरी निम्मीसुद्धा चालत नाही. रेडिओ आणि हेडटॉर्चच्या बॅटऱ्या रात्री झोपायच्या पिशवीत, अंगालगत ठेवा. लिथियमची बॅटरी शून्याखाली असताना चार्जिंगला लावू नका, कायमची खराब होते. आधी तिला ऊब येऊ द्या.

दुसरं, हिमस्खलन. वादळात सगळे जपतातच, माणसं सापडतात ती नंतरच्या निळ्या आकाशात. एका वादळानंतर लख्ख ऊन होतं, पण धारेवरून बर्फाचा धूर उडत होता. म्हणजे आडोशाच्या उतारावर भर पडतच होती. साठवणीची खोली तीस पावलांवर, वाट त्या उताराखालून. अर्ध्यावर गेलो आणि पायाखाली 'धप्प' असा खोल आवाज झाला, जणू आख्खा उतार खाली बसला. मी आल्या पावली मागे फिरलो. तासाभराने तो उतार घसरला. ३० ते ४५ अंशांच्या उताराखालची वाट लहान आहे म्हणून सुरक्षित समजू नका. त्या खोलीतलं चार दिवसांचं सामान आधीच घरात आणून ठेवत जा.

रानवारा:

दोघांचेही मनापासून आभार. आडोशाच्या बाजूचं मला कधीच सुचलं नसतं. तिथलं दार कसं उघडतं हे आजच विचारलं, आतच उघडतं. ताई, एक विचारू का? एकटी असताना दिवस कसे काढलेत? कामाला मी घाबरत नाही, पण सलग पाच दिवस ढगात, खिडकीबाहेर नुसतं पांढरं, हे मला जमेल का याची खरंच धाकधूक आहे.

पागोळी:

धाकधूक वाटते ते बरंच आहे. मला सांभाळलं ते वहीने. पाच दिवस पांढरं असलं तरी सातचा दाब आणि पाचचा दाब एक नसतो, काठी रोज वेगळं सांगते. नोंदीची वेळ पाळलीत की दिवसाला कणा राहतो. मी शेवटच्या 'शेरा' रकान्यात रोज निदान दोन ओळी लिहायचेच. ढगात तर जास्तच. प्रकाश किती वाजता करडा झाला, वाऱ्याचा सूर कधी बदलला, धुराडं कसं घुमतंय. तिसऱ्या दिवसानंतर कान इतके तयार होतात की अंथरुणातून वाऱ्याची दिशा सांगता येते.

मला धीर यायचा तो स्कॉटलंडच्या बेन नेव्हिसवरच्या लोकांचा. १८८३ ते १९०४ तिथे माथ्यावर वेधशाळा होती, आणि निरीक्षक दर तासाला नोंद घ्यायचे, रात्रीसुद्धा, हिवाळ्यातसुद्धा. बर्फात दार बुडायचं म्हणून बाहेर पडायला वर मनोरा बांधला होता. १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण तिथे काही आठवडे बदली निरीक्षक म्हणून राहिला. आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो ती ढगावरच्या सावलीभोवतीची रंगीत कडी त्याने तिथे पाहिली, आणि हे खाली जाऊन प्रयोगशाळेत करून बघावं असं त्याच्या मनाने घेतलं. त्यातून मेघकक्ष तयार झाला, ज्यात अणूपेक्षाही लहान कणांचा माग दिसतो. त्यासाठी १९२७ चं नोबेल मिळालं.

मला ते तिसऱ्या हिवाळ्यात दिसलं. सहा दिवस ढगात काढल्यावर सातव्या सकाळी ढग खाली बसला. दरी भरलेली, वर निळं, आणि माझं घर काठावर. खाली रेडिओवर विचारलं तर तिकडे आमच्यापेक्षा सहा अंश जास्त थंडी. जड गार हवा दरीत साचली होती. मी काठीपाशी नोंद घ्यायला उभी होते, पाठीमागून सूर्य आला आणि समोर ढगावर माझी सावली, डोक्याभोवती लालसर कड्याचं गोल वलय. हातातलं फावडं वर केलं तर सावलीनेही केलं. सोबतीण खाली गेली होती. मी ती तशीच उभ्याने वहीत काढली, ७ वाजून ५० मिनिटं. ते चित्र आजही त्या घरातल्या वहीत आहे.

असा दिवस आला की चष्मा विसरू नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि चष्म्याशिवाय बघत राहिलं की डोळे भाजल्याचं संध्याकाळीच कळतं. दोन जोड्या न्या, एक हरवतेच.

वर गेल्यावर पहिल्याच दिवशी, बर्फ पडायच्या आधी, सगळ्या खिडक्यांच्या जागी उंच काठ्या रोवून ठेवा, म्हणजे नंतर कुठे खणायचं ते शोधावं लागणार नाही. आमची मोजायची काठी चौथ्या हिवाळ्यात २ मीटर ८० पर्यंत बुडाली होती, तेव्हा तीन मीटरपेक्षा आखूड काठी घेऊ नका.

रानवारा:

काठ्या यादीत लिहिल्या. साडेतीन मीटरच्या, सहा. वर गेल्यावर पहिल्या वादळाचा आकडा इथे कळवतो.