वार आपले, की तेही उसने?

लालबागकर: काल दादरला लोकलची वाट बघता बघता मित्राशी जुंपली. म्हणे, वारांची नावं आपण परक्यांकडून उचलली! अरे, 'अहोरात्र'मधलं पहिलं नि शेवटचं अक्षर गाळा, 'होरा' उरतो. त्यावरूनच इंग्रजांचा अवर आला. मध्य प्रदेशातल्या एरणच्या शिलालेखात इ.स. ४८४ मध्ये गुरुवार कोरलाय. आणखी काय पुरावा हवा?

चौथा_डबा: तुमच्या मित्राचं बरोबर आहे. होरा मुळात ग्रीक, म्हणजे तास. अहोरात्रची ती फोड जुना ज्योतिषी वराहमिहिरानेही 'काहींचं मत' म्हणूनच दिलीय. आता गणित बघा. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने दिवसाच्या चोवीस तासांतला एकेक होरा वाटायचा; पहिला होरा ज्याचा, त्याचाच वार. चोविसाला साताने भागलं की उरतात तीन, म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा चौथ्या ग्रहाचा. शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र. आपला दिवस साठ घटकांचा. साठाने हा हिशेब करा, शनिवारनंतर शुक्रवार येतो!

लालबागकर: बोटं मोजली. खरंच शुक्रवार येतोय. पण मंगळ, बुध ही नावं तर आपलीच ना?

चौथा_डबा: नावं आपली, मांडणी त्यांची. इंग्रजांनीही तेच केलं. गुरूच्या वारावर त्यांचा 'थोर' नावाचा देव बसवला.

परळची_मावशी: तुम्ही दोघंही ग्रहांवरच अडलात. 'वार' म्हणजे पाळी, तो शब्द संस्कृतातलाच, 'वारंवार'मध्येही तोच. माझे आजोबा वार लावून जेवत शिकले, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नऊवारीतला वार मापाचा, तलवारीचा वेगळा, आणि बाळंतपणात पडते ती वार आणखी तिसरीच. (सुईणीपुढे वारांचा विषय काढला तर ती भलतंच समजेल.)

आयतार: आमचं घर मूळचं गोव्याचं. पोर्तुगीज सोमवारला 'दुसरा', मंगळवारला 'तिसरा' म्हणतात, ग्रहदेवतांची नावं चर्चला नको होती. एवढी वर्षं त्यांचं राज्य असूनही आम्ही सोमार, मंगळार, बिरेस्तारच म्हणतो. पाव घेतला, बटाटा घेतला, वार नाही घेतले. म्हणून मला 'उसने' हा शब्दच पटत नाही. उसनं परत करावं लागतं.

चौथा_डबा: बिरेस्तार म्हणजे बृहस्पतीच! हे मान्य. पण मावशी, पाळी आपली असली तरी सातांची रांग आपण लावलेली नाही, त्यावर मी ठाम आहे.

लालबागकर: मित्राला गुरुवारी चहा पाजतो. होरा बघून नाही, पगार झालेला असतो म्हणून. आणि हो, पगारही पोर्तुगीजच निघाला.