शब्दचर्चा: ‘रूपांतर’, ‘माध्यमांतर’ की नुसतं ‘बेतलेला’?

प्रश्न:
सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनकट्ट्याचा पुढचा विषय ठरलाय, ‘कादंबरी सरस की तिच्यावरचा सिनेमा?’ पण पत्रिकेच्या मजकुरावर गाडी अडली आहे. एकांनी ‘चित्रपटीकरण’ लिहिलं, दुसऱ्यांनी ‘माध्यमांतर’, एक काकू म्हणाल्या, साधं ‘रूपांतर’ म्हणा की. यांत अर्थाचा फरक आहे का? आणि ‘सिनेमाला पुस्तकाची सर नाही’ हे नेमकं कसं वापरायचं?

प्रतिसाद:
‘चित्रपटीकरण’ नको. कानाला परिपत्रकासारखं लागतं. आमच्या घरी ‘त्या कादंबरीवर सिनेमा काढलाय’ असंच म्हणत आले आहेत.

प्रतिसाद:
फरक आहे, आणि तो थेट तुमच्या विषयाला भिडतो.

‘रूपांतर’मधलं ‘अंतर’ म्हणजे दोन गोष्टींमधली दुरी नव्हे. समासाच्या शेवटी येणाऱ्या या ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरा’. देशांतर म्हणजे दुसरा देश, वेषांतर म्हणजे दुसरा वेष, तसं रूपांतर म्हणजे दुसरं रूप. रूप बदलणार, हे शब्दानेच आधी कबूल केलं आहे. आणि तरी थिएटरातून बाहेर पडताना आपण म्हणतो काय, तर ‘पुस्तकात असं नव्हतं!’ ही मागणी रूपांतराची नाही, ‘बरहुकूम’ची आहे. फारसीतून आलेला हा शब्द हुकमाप्रमाणे, तंतोतंत अशा अर्थाचा. कादंबरीबरहुकूम सिनेमा मागायचा आणि त्याला रूपांतर म्हणायचं, हे जुळत नाही.

‘माध्यमांतर’ त्याच घडणीचा, पण अर्थाने अरुंद. कादंबरीचं नाटक झालं, नाटकाचा सिनेमा झाला, तर ते माध्यमांतर. परदेशी नाटक मराठी घरात, मराठी माणसांत आणलं तर माध्यम तेच राहतं. त्याला आपल्याकडे रूपांतरच म्हणतात.

मला स्वतःला ‘बेतलेला’ फार आवडतो. बेतणे म्हणजे मापाने कापड कापणे. कापड कादंबरीचं, माप सिनेमाचं. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) घ्या. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, आणि विजय तेंडुलकरांनी त्यांतून एक पटकथा केली. आता त्याला ‘बरहुकूम’ची पट्टी लावायची तर कुठल्या कादंबरीची लावणार? तिथे ‘बेतलेला’ हाच शब्द चपखल बसतो.

आणि पुण्यात बसून ही चर्चा करताय तर ‘कुंकू’ वगळू नका. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९३३मध्ये कोल्हापुरातून पुण्यात आली आणि तिच्या इथल्या स्टुडिओत, म्हणजे आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, १९३७मध्ये हा सिनेमा झाला. मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची, ‘न पटणारी गोष्ट’. एका तरुण मुलीचं म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून देतात आणि ती ते मानायला नकार देते. नावाकडे बघा. ‘न पटणारी गोष्ट’ हे सांगणाऱ्याचं मत आहे, ‘कुंकू’ ही डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंनी, या सिनेमात पार्श्वसंगीतही ठेवलं नाही. त्या घरात, त्या प्रसंगात जे आवाज असतील तेवढेच ऐकू येतात. त्यामुळे घरातली शांतता अंगावर येते. हे कागदावर होत नाही. अशा सिनेमापुढे ‘पुस्तकच भारी’ हे पालुपद मला लंगडं वाटतं.

उलट ‘शाळा’मध्ये मी ठामपणे कादंबरीच्या बाजूने आहे. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीत नववीतला मुकुंद स्वतः बोलतो, आणि त्याचं ते स्वतःशी चाललेलं बोलणं हीच खरी कादंबरी आहे. पडद्यावर मुकुंद दिसतो, त्याच्या डोक्यातली बडबड मात्र बरीचशी मागे राहते.

आता ‘सर’. मोत्यांचा सर पुल्लिंगी. पावसाची सर स्त्रीलिंगी, आणि ही बरोबरीची सरही स्त्रीलिंगीच. वापरताना दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, तो जवळजवळ नेहमी नकारात येतो: सर येत नाही, सर नाही. दुसरं, ‘ची’ ज्याला लागतो तो वरचढ. ‘सिनेमाला पुस्तकाची सर नाही’ म्हटलं की पुस्तक आधीच जिंकलं. म्हणून पत्रिकेवर हा वाक्प्रयोग नको. निकाल लावून चर्चेला बोलावल्यासारखं होईल.

प्रश्नकर्ते:
फार छान. आणखी एक, श्रेयनामावलीत कधी ‘आधारित’ असतं, कधी ‘प्रेरित’. हे एकच का?

प्रतिसाद:
नाही. ‘आधारित’ म्हटलं की कथानक, पात्रं त्या पुस्तकातली आहेत असं आपण धरून चालतो. ‘प्रेरित’मध्ये एवढी जबाबदारी नाही, कल्पनेची ठिणगी तिथून मिळाली एवढंच. म्हणून ‘प्रेरित’ लिहून अख्खी गोष्ट उचलली असेल तर वाचकांनी जरूर बोलावं. लेखकाच्या श्रेयाचा प्रश्न आहे. आणि ‘कादंबरीवर आधारित’ लिहा, ‘कादंबरीवरून आधारित’ नको. ‘वरून’ हा ‘घेतलेला’बरोबर येतो.

प्रश्नकर्ते:
पत्रिकेचा मजकूर असा केला: ‘कादंबऱ्या आणि त्यांवर बेतलेले मराठी चित्रपट: वाचक-प्रेक्षकांची चर्चा’. काकूंचा आग्रह ‘रूपांतर’चा होता, पण ‘बेतलेले’ वाचून त्या लगेच हो म्हणाल्या. सुरुवात ‘कुंकू’नेच करतोय. ‘न पटणारी गोष्ट’ची प्रत कोणाकडे असेल तर चार दिवसांसाठी हवी आहे, जपून परत करू.